वाचकांचे प्रश्न : संध्याकाळची गोळी कुठे गेली?

औषधाच्या रेणूत एखादाच अणू बदलला तर काय काय होतं, यावर गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यात सिस्टिक फायब्रोसिसचा, म्हणजे कफ घट्ट चिकट करणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, उल्लेख जेमतेम दोन ओळींचा होता आणि सगळ्यात जास्त पत्रं नेमकी त्यावरच आली. म्हणून या वेळचं सदर त्या एकाच विषयाला. मी डॉक्टर नाही. रबाळे-महापे पट्ट्यातल्या प्रयोगशाळांमध्ये एकोणतीस वर्षं औषधांचे रेणू बनवत होते, एवढाच माझा अधिकार. रेणूबद्दल मला खुशाल विचारा, डोसबद्दल मात्र तुमच्या डॉक्टरांनाच.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. चार वर्षांचा होईपर्यंत त्याला दमाच आहे असं सांगत होते, मध्ये टीबीची औषधंही झाली. मग स्वेट टेस्ट (घामातलं मीठ मोजणारी) आणि जनुकाची तपासणी झाली. रिपोर्टमध्ये जनुकाच्या एका प्रतीत एफ-५०८-डेल नावाचा दोष आहे, दुसरीत काहीतरी वेगळंच. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, आधीचं औषध सकाळ-संध्याकाळ घ्यावं लागायचं, आता त्यात 'जड हायड्रोजन' घालून दिवसातून एकदाच घ्यायचं औषध आलंय. जड म्हणजे जास्त स्ट्राँग का? आणि आम्ही त्याच्यासाठी थांबावं का? (एक आई, कळवा)

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कशासाठीच थांबू नका. खारट पाण्याचं नेब्युलायझर, छातीची फिजिओथेरपी, जेवणाबरोबरच्या एन्झाइमच्या कॅप्सूल, वजनावर लक्ष, हे सगळं आज हातात असलेलं औषध आहे आणि ते रोजच्या रोज व्हायलाच हवं. आता रेणूकडे वळू.

आपल्या फुप्फुसातल्या, स्वादुपिंडातल्या, घामाच्या ग्रंथींतल्या पेशींच्या भिंतीत क्लोराइडचा एक नळ असतो. त्या प्रथिनाचं नाव सीएफटीआर. १४८० अमिनो आम्लांची ती लांबलचक माळ आहे. त्याचं जनुक १९८९ साली सापडलं, लॅप-ची त्सुई, जॉन रिओर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांना. तुमच्या रिपोर्टमधलं एफ-५०८-डेल म्हणजे या माळेतला ५०८ वा मणी, फिनाइलअॅलनिन, गळालेला. एकच मणी, पण त्यामुळे माळेची घडी नीट बसत नाही. पेशी ते प्रथिन सदोष समजून आतल्या आत मोडून टाकते. नळ भिंतीपर्यंत पोचतच नाही, आणि पोचलाच तर पुरता उघडत नाही. मीठ-पाण्याचा हिशेब बिघडतो आणि कफ गोंदासारखा चिकट होतो.

म्हणून औषधंही दोन प्रकारची लागतात. एक प्रकार घडी सावरून नळ भिंतीपर्यंत पोचवतो, तर दुसरा पोचलेला नळ उघडा धरतो. उघडा धरणारं पहिलं औषध इव्हाकाफ्टर, २०१२ साली अमेरिकेत मंजूर झालं. २०१९ मध्ये ट्रायकाफ्टा आलं. त्यात घडी सावरणारे दोन रेणू, एलेक्साकाफ्टर आणि टेझाकाफ्टर, आणि जोडीला हेच इव्हाकाफ्टर. निदान एका प्रतीत एफ-५०८-डेल असलेल्यांनाही ते चालतं, म्हणजे तुमच्या मुलाचा रिपोर्ट त्यात बसतो. सकाळी तिन्ही औषधांच्या एकत्रित गोळ्या, आणि बारा तासांनी एकट्या इव्हाकाफ्टरची. तुमचे भाऊ म्हणतात ती संध्याकाळची गोळी हीच.

ती का लागते? इव्हाकाफ्टर अंगात टिकत नाही म्हणून. साधारण बारा तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, कारण यकृतातलं सीवायपी-३ए नावाचं एन्झाइम ते खातं. ते कुठे चावतं, तेही माहीत आहे. इव्हाकाफ्टरच्या एका कड्याला 'टर्शरी ब्युटाइल' नावाचा झुपका लटकलेला असतो. बेलाचं त्रिदळ डोळ्यांसमोर आणा. मधला देठ म्हणजे एक कार्बन, तीन पानं म्हणजे आणखी तीन कार्बन, आणि प्रत्येक पानावर तीन-तीन हायड्रोजन. एकूण नऊ. यकृत त्यातल्या एका पानावरचा हायड्रोजन ओढतं आणि तिथे ऑक्सिजन चिकटवतं. एवढं झालं की रेणूची ताकद एक-षष्ठांशावर येते.

हा झुपका मला चांगलाच ओळखीचा आहे. २००६ ची गोष्ट. दम्यावरचा एक रेणू आम्ही अकरा पायऱ्यांत बनवला होता, सहा महिने गेले होते त्यात. एका शुक्रवारी तो मानवी यकृताच्या मायक्रोसोम्सबरोबर, म्हणजे एन्झाइम असलेल्या पेशींच्या बारीक तुकड्यांबरोबर, ३७ अंशांवर ठेवला. ठरावीक मिनिटांनी थोडा नमुना काढून अॅसिटोनायट्रिलमध्ये टाकायचा, म्हणजे एन्झाइम तिथल्या तिथे थांबतं. मग यंत्र प्रत्येक नमुन्याची रेघ कागदावर काढतं, रेणू जितका उरलाय तितकं तिचं शिखर उंच. शून्य मिनिटाच्या नमुन्याचं शिखर उंच आणि ताठ. पाच मिनिटांच्या नमुन्यात ते अर्ध्यावर. तीस मिनिटांच्या कागदावर त्या जागी सपाट रेघ, आणि तिच्या थोडं आधी एक नवीनच बुटकं शिखर. त्याचं वजन पाहिलं तर मूळ रेणूपेक्षा बरोबर १६ ने जास्त. १६ म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू. आमच्याही रेणूवर तेच त्रिदळ होतं आणि यकृताने तेच पान खाल्लं होतं.

आम्ही एका पानावरचे तिन्ही हायड्रोजन काढून फ्लोरिन बसवले. यकृत थांबलं खरं, पण रेणू आता आपल्या जागेत बसेना. ताकद शंभर पटीने घसरली. फ्लोरिन हायड्रोजनपेक्षा थोडा मोठा आणि स्वभावाने फार वेगळा, तेवढं पुरलं. पुढे तो प्रकल्पच बंद केला. त्या रात्री रबाळ्याहून ठाण्याच्या गाडीत बसले तेव्हा साडीला इथाइल अॅसिटेटचा वास येत होता आणि डोक्यात एकच विचार होता, त्या पानाची जागा तशीच राहील आणि तरी ते चावलं जाणार नाही, असं काही असतं का?

असतं. ड्यूटेरियम. हाच तो जड हायड्रोजन. साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात एक प्रोटॉन, याच्यात प्रोटॉनच्या सोबतीला एक न्यूट्रॉन. आकार तोच, स्वभाव जवळजवळ तोच, वजन मात्र दुप्पट. रेणूतला प्रत्येक बंध कायम थरथरत असतो, आणि जड अणूची थरथर कमी. विहीर तीच समजा. हलका हायड्रोजन वरच्या पायरीवर उभा आहे, जड हायड्रोजन एक पायरी खाली. बाहेर पडायला जडाला तेवढं जास्त चढावं लागतं, म्हणजे बंध तोडायला एन्झाइमला जास्त कष्ट पडतात. त्रिदळाचे नऊच्या नऊ हायड्रोजन जड केले की इव्हाकाफ्टरचं ड्युटीव्हाकाफ्टर होतं. रेणूचं वजन ३९२ वरून ४०१ वर जातं, बाकी काहीही हलत नाही. सीएफटीआरला दोघांतला फरक कळतही नाही. तो कळतो यकृताला.

तेव्हा ताई, जड म्हणजे स्ट्राँग नाही. जड म्हणजे टिकाऊ.

२० डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेत मंजूर झालेल्या अलिफ्ट्रेकमध्ये हा रेणू आहे. सहा वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी, दिवसातून एकदाच. पण सगळं श्रेय जड हायड्रोजनला देऊ नका. त्यात एलेक्साकाफ्टरच्या जागी व्हान्झाकाफ्टर हा अंगात बराच काळ टिकणारा दुसरा रेणूही आहे. ट्रायकाफ्टाशी तुलना केली तेव्हा फुप्फुसाची क्षमता त्याच्याइतकीच राखली गेली आणि घामातलं क्लोराइड आणखी खाली आलं, म्हणजे नळ जास्त चांगला चालू लागला. यकृताला इजा होऊ शकते असा ठळक इशारा दोन्ही औषधांवर आहे, त्यामुळे रक्ताच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्या लागतात. भावाने कौतुकाने सांगितलं असेल, पण हेही त्यांच्याकडून विचारून घ्या.

आणि एक गोळी कमी होण्याला मी किरकोळ समजत नाही. सकाळी तासभर नेब्युलायझर आणि छाती ठोकणं, प्रत्येक घासाआधी कॅप्सूल, शाळा, क्लास, आणि रात्री पोर पेंगुळलेलं असताना पुन्हा पोटात काहीतरी तुपकट घालून गोळी. हो, तुपकट. ही औषधं स्निग्ध जेवणाबरोबरच नीट शोषली जातात. नुसत्या उपाशीपोटी घेतलेल्या इव्हाकाफ्टरच्या तुलनेत तुपा-लोण्याबरोबर घेतलेलं कितीतरी जास्त रक्तात उतरतं. तूप लावलेली पोळी, अंडं, दाण्याची चटणी, असं काहीही चालतं. ज्या घरात हे रोज दोनदा करावं लागतं, त्यांनाच एकदा म्हणजे काय ते कळेल.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. मला ड्रग डिझाइनमध्ये करिअर करायचं आहे. ही औषधं कॉम्प्युटरवर प्रथिनाचा आकार बघून बनवली का? (एक विद्यार्थी, नेरूळ)

उत्तर : नाही रे. इव्हाकाफ्टर बनलं तेव्हा सीएफटीआर नेमकं दिसतं कसं, हे कोणालाच माहीत नव्हतं. माणसाच्या सीएफटीआरचा नीट आकार २०१७ मध्ये दिसला आणि इव्हाकाफ्टर त्याला कुठे चिकटतं ते कळलं २०१९ मध्ये, म्हणजे औषध बाजारात येऊन सात वर्षं झाल्यावर!

मग सापडलं कसं? सदोष नळ असलेल्या पेशी घेतल्या आणि त्यांत असा रंग घातला की नळ उघडला तर चमक बदलते. त्या पेशी तबकातल्या छोट्या खोबण्यांत ठेवून प्रत्येक खोबणीत एक वेगळा रेणू टाकायचा आणि चमक बघत बसायचं. इव्हाकाफ्टरसाठी असे २ लाख २८ हजार रेणू तपासले गेले. त्यातून जे सापडतं ते औषध नसतं, नुसता धागा असतो. तो धागा धरून रसायनतज्ज्ञ शेकडो भावंडं बनवतात, इथे एक कार्बन वाढव, तिथे ऑक्सिजन हलव. ही औषधं बनवणाऱ्या व्हर्टेक्स कंपनीत या कामाच्या रसायनगटाची प्रमुख एक बाई होती, सबिन हादिदा. २०२४ चं ब्रेकथ्रू पारितोषिक तिला पॉल नेगुलेस्क्यू आणि फ्रेड व्हॅन गूर यांच्याबरोबर मिळालं. वर्गातल्या मुलींनाही हे नाव सांग.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र याच्याही आधीचा, १९९२ चा, मायकेल वेल्श यांच्या प्रयोगशाळेतला. एफ-५०८-डेल असलेल्या पेशी त्यांनी नेहमीच्या ३७ अंशांऐवजी थंड जागी वाढवल्या, आणि न पोचणारा नळ भिंतीपर्यंत पोचला, कामही करू लागला. नळ मुळातच निकामी असेल अशी भीती होती. तसं नव्हतं, चुकत होती ती फक्त घडी. माणसाला काही फ्रीजमध्ये ठेवता येत नाही, पण थंडीने जे साधलं ते एखाद्या रेणूने साधेल, ही आशा त्या प्रयोगाने दिली. टेझाकाफ्टर, एलेक्साकाफ्टर यांची वाट तिथून निघते.

टेझाकाफ्टरचं चित्र इंटरनेटवर काढून बघ. एका टोकाला दोन ऑक्सिजनच्या मध्ये कार्बन असलेलं कडं दिसेल. तसलंच कडं काळ्या मिरीतल्या पायपरिनमध्येही असतं. पायपरिनमध्ये त्या मधल्या कार्बनवर दोन हायड्रोजन आहेत आणि यकृत त्यांना सहज खातं. टेझाकाफ्टरमध्ये तिथे दोन फ्लोरिन आहेत, म्हणजे दार बंद. आमच्याकडे फ्लोरिनने घात केला, इथे त्यानेच काम केलं. कुठे काय चालेल हे बनवून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून कॉम्प्युटर शीकच, पण प्रॅक्टिकल बुडवू नकोस.

प्रश्न : ड्यूटेरियम म्हणजे जड पाण्यातलं ना? जड पाणी अणुभट्टीत वापरतात. मग हे औषध किरणोत्सारी नाही का? लहान मुलांना असलं काही देणं मनाला पटत नाही. (एक निवृत्त कर्मचारी, बेलापूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण ड्यूटेरियम किरणोत्सारी नाही. तो पूर्णपणे स्थिर अणू आहे. किरणोत्सारी असतो तो त्याच्या पुढचा भाऊ, ट्रिटियम, ज्याच्या केंद्रकात दोन न्यूट्रॉन असतात. नावं एकत्र घेतली जातात म्हणून घोटाळा होतो.

ड्यूटेरियम हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये शोधला, १९३४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. निसर्गात सुमारे ६४०० हायड्रोजनमागे एक ड्यूटेरियम असतोच, नळाच्या पाण्यात, भातात, आपल्या रक्तात. मी कागदावर हिशेब करून पाहिला. दोनशे मिलिलिटर पाण्याच्या पेल्यात साधारण सात मिलिग्रॅम ड्यूटेरियम असतो. मोठ्या माणसाला अलिफ्ट्रेकमधून रोज २५० मिलिग्रॅम ड्युटीव्हाकाफ्टर जातं आणि त्यात ड्यूटेरियम भरतो साधारण अकरा मिलिग्रॅम. म्हणजे दीड पेला पाण्याएवढा! अशा प्रकारचं पहिलं औषध, ड्युटेट्राबेनाझिन, २०१७ पासून वापरात आहे.

आपण बेलापूरला राहता म्हणून एक सांगते. खाडीपलीकडे रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ थळला, खताच्या कारखान्याला लागून जड पाण्याचा कारखाना आहे. अमोनियाच्या वायूतून कण कण करून हा जड हायड्रोजन तिथे वेगळा काढतात. तिथून जड पाणी अणुभट्ट्यांना जातं. ड्यूटेरियमचा औषधांसाठी आणि इतर बिगर-अणू कामांसाठी वापर वाढावा, असा जड पाणी मंडळाचाही प्रयत्न आहे. ज्या कच्च्या मालासाठी इतर देश धडपडतात तो आपल्या दारात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रश्न : सूनबाई परदेशातून आलेलं हे औषध नातवाला देतात. गणपतीत त्याने पपनसाच्या फोडी खाल्ल्या म्हणून त्या रागावल्या. फळाने काय होतं? (आजी, पाचपाखाडी)

उत्तर : आजी, सूनबाईंचं बरोबर आहे. वर ज्या एन्झाइमबद्दल लिहिलं, सीवायपी-३ए, त्याला ग्रेपफ्रूट हे फळ बंद पाडतं, म्हणून औषधाच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट टाळा असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पपनस त्याच्याच घराण्यातलं, ग्रेपफ्रूटचं एका बाजूचं आजोळच म्हणा, आणि तेच गुण त्यातही आहेत. एन्झाइम बंद पडलं की औषध रक्तात साठत जातं. पपनस बाप्पापुढे ठेवा, नातवाला मोसंबं द्या. आणि बुरशीवरच्या किंवा टीबीच्या गोळ्या कोणी लिहून दिल्या तर आधी या औषधाचं नाव सांगा. टीबीवरचं रिफाम्पिसिन उलट बाजूने काम करतं, औषध टिकूच देत नाही.

प्रश्न : नऊ अणू बदलले, त्यासाठी किंमत तीन लाख डॉलर? आणि आपल्याकडे पेटंट मिळेल का? (एक वाचक, वर्तकनगर)

उत्तर : अलिफ्ट्रेकची अमेरिकेतली यादीतली किंमत वर्षाला तीन लाख डॉलरहून जास्त आहे, हे खरं. हा आकडा वाचते तेव्हा माझा जीव तुटतो. या संशोधनाच्या सुरुवातीला रुग्णांच्या कुटुंबांनी जमवलेला पैसा होता. सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने तो दिला आणि २०१४ मध्ये आपला स्वामित्वधनाचा हक्क ३३० कोटी डॉलरना विकला. ड्युटीव्हाकाफ्टर बनवलं कॉन्सर्ट या छोट्या कंपनीने, व्हर्टेक्सने ते २०१७ मध्ये १६ कोटी डॉलर देऊन घेतलं. हीच कॉन्सर्ट पुढे २०२३ मध्ये आपल्या मुंबईच्या सन फार्माने विकत घेतली, चाईवरच्या अशाच एका जड हायड्रोजनवाल्या औषधासाठी. म्हणजे ही विद्या आता इथल्या कंपनीच्या घरात आहे.

पेटंटबद्दल. आपल्या कायद्यातलं कलम तीन-डी सांगतं की माहीत असलेल्या औषधाचं नवं रूप केवळ नवं आहे म्हणून पेटंटला पात्र नाही, त्याचा गुण लक्षणीय वाढलेला दाखवावा लागतो. नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यात, १ एप्रिल २०१३ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने गुण म्हणजे रोगावरचा गुण, असा अर्थ लावला. नऊ जड अणूंनी औषध जास्त टिकतं. टिकणं म्हणजे रोगावरचा गुण का, हा वाद वकील घालतील. मला विचाराल तर तो बदल हुशारीचा आहे, मी स्वतः त्याच्यासाठी तळमळले आहे. पण त्या हुशारीची किंमत कळव्यातल्या मुलाच्या श्वासातून वसूल होऊ नये.

प्रश्न : आमची नात सात महिन्यांची. पापा घेतला की ओठ खारट होतात, कपाळावर पांढरं मीठ सुकतं. वजन वाढत नाही, शी तेलकट असते. सगळे म्हणतात ऑक्टोबरचा उकाडा आहे. (आजोबा, ऐरोली)

उत्तर : आजोबा, उकाड्यावर सोडू नका. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना हे चारही मुद्दे याच शब्दांत सांगा आणि स्वेट टेस्ट करायची का, हे स्वतःहून विचारा. आपल्याकडे नवजात बाळांची या आजारासाठी सरसकट तपासणी होत नाही, त्यामुळे घरच्यांनीच विचारावं लागतं. ही टेस्ट १९५९ पासूनची आहे. हातावर पिलोकार्पिन लावून अगदी सौम्य विजेने घाम आणतात आणि अर्ध्या तासाचा घाम गोळा करतात. सुई नाही, रक्त नाही. क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा जास्त आलं तर आजाराची दाट शक्यता, ३० च्या खाली आलं तर बहुतेक नाही, मधलं आलं तर पुन्हा तपासणी. तोवर बाळ मलूल वाटलं, लघवी कमी झाली किंवा उलट्या सुरू झाल्या तर थेट दवाखाना गाठा, कारण अशी बाळं उकाड्यात घामावाटे फार लवकर मीठ गमावतात. टेस्टच्या दिवशी बाळाला नीट दूध पाजून न्या. घाम कमी निघाला तर टेस्ट पुन्हा करावी लागते.